पट्ट्यावरचा दुसरा हात

पटो वा न पटो, हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. ती थापा मारत नाही. तेवढी उसंतच नसते तिला.

रविवारची दुपार. इस्पितळाचा तिसरा मजला.

तिचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटला वॉकर धरून चालायला शिकवायचं. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो मागून धरायचा. पहिल्या दिवशी दोघींनी धरायचा, एकीने डावीकडून, दुसरीने उजवीकडून. तसा नियमच आहे.

त्या दिवशी जोडीदारीण आलीच नव्हती. सकाळपासून उभं राहून बहिणीच्या पायांत नुसते गोळे आले होते.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, त्यांचा चालायचा पहिलाच दिवस. आज चालल्या तर उद्या घरी, नाहीतर वृद्धाश्रमात, असं लेकाने तोंडावर सांगितलं होतं.

"पोरी, चालव मला," आजी म्हणाल्या. "पडले तर माझी मी पडले."

बहिणीने एकटीनेच पट्टा धरला. डावीकडून.

निम्मा व्हरांडा बरा गेला.

मग आजींचा गुडघा... वाकला.

आता सगळा भार अंगावर येणार, म्हणून बहिणीने दात आवळले.

भार आलाच नाही.

आजी अलगद सरळ झाल्या. पट्टा उजवीकडून ताणला होता... कुणी मुठीत धरावा तसा.

उजवीकडे कुणी नव्हतं.

मागून चपला मात्र वाजत होत्या. आजी थांबल्या की... त्याही थांबायच्या.

"तुझ्या जोडीदारणीला सांग गं," आजी समोर बघतच म्हणाल्या, "हात फार गार आहेत तिचे."

बहिणीने त्यांना खाटेपर्यंत कसं नेलं, तिलाच आठवत नाही. आजी घरी जाणार हे मात्र ठरलं.

संध्याकाळी ती जिना उतरत होती. कठड्याला धरून, एकेक पायरी. तेवढ्यात कमरेमागे... कुणीतरी तिचा कुर्ता मुठीत धरला.

ती ओरडली नाही. वळलीही नाही.

"दादा, मी सगळा भार त्या हातावर टाकला रे," ती मला म्हणाली. "आणि इतकं बरं वाटलं..."

जोडीदारीण आता रोज येते. तरी या रविवारची पाळी बहिणीने एकटीसाठी मागून घेतली आहे.

मी नको म्हटलं.

ती नुसती दमलेलं हसली.