लपवलेला ताप

"अगं, ताप लपवलास?"

शब्द तोंडातून निसटले मात्र, आणि थोरलीला वाटलं, जीभ चावून तुकडा पाडावा... धाकट्या जावेच्या कपाळावर ठेवलेल्या तिच्या तळव्याला चटका बसत होता. उशाशी पडलेलं थर्मामीटर मात्र साळसूदपणे निरोगी आकडा दाखवत होतं, आणि खाटेखाली सरकवलेल्या वाटीत अर्धवट वितळलेला बर्फ तरंगत होता. आधी बर्फ तोंडात धरायचा, मग थर्मामीटर! शाळा चुकवणाऱ्या पोरांचं हे सोंग, आणि तेही आयुष्यभर अख्खं ऑफिस हाताखाली वागवलेल्या बाईनं!

पण धाकटीनं मान भिंतीकडे फिरवली ती त्या सोंगाच्या लाजेनं नव्हे. ते वाक्य मुळात तिचंच होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात, सासू-सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या देखत तिनं ते थोरलीच्या तोंडावर फेकलं होतं. 'ताई, तुम्ही माझ्या लेकीचा ताप लपवलात!'

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं," धाकटी भिंतीशीच बोलली. "ताप आला म्हणजे पुन्हा दवाखान्यात भरती. पुन्हा तुम्ही त्या लोखंडी खुर्चीत. तुमचे गुडघे कसे झालेत... आणि हे सगळं कुणासाठी, तर माझ्यासाठी."

"गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघीन. चप्पल घाल आधी."

"ताई..."

"चप्पल घाल म्हटलं ना. बर्फाचं नंतर बोलू."

दवाखान्यासमोरच्या इमारतीत ही खोली भाड्यानं घेतली होती. दोन खाटा, एक गॅसची शेगडी आणि दवाखान्याच्या दाराकडे उघडणारी खिडकी. डॉक्टरांची अटच तशी होती. धाकटीच्या रक्तातल्या पेशी काढून प्रयोगशाळेत नेल्या होत्या, तिथं त्यांना कर्करोग ओळखायला शिकवलं होतं, त्यांची संख्या वाढवली होती आणि एका लहानशा पिशवीतून त्या पुन्हा तिच्या शिरेत सोडल्या होत्या. "माझेच शिपाई, पण शत्रूला पाहुणा समजत होते," असं धाकटीनं समजावलं, तेव्हा थोरली म्हणाली होती, "म्हणजे शिकवणी लावली म्हण की त्यांना." त्यावर दोघी हसल्या होत्या, आणि हसल्याचं लक्षात येताच दोघींनी एकमेकींवरून नजर काढून घेतली होती.

या उपचारात ताप येतो, कधी मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून घरचं माणूस सदैव सोबत हवं. त्याशिवाय डॉक्टर सुरुवातच करायला तयार नव्हते. धाकटीचा नवरा मागेच वारला होता. मुलीला नोकरीतून सलग रजा मिळत नव्हती. तिनंच थोरलीला फोन केला होता, चाचरत, तुटक.

"काकू, तुम्हाला विचारताना मला कसंसंच होतंय. पण आईनं दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही."

विधवा, निपुत्रिक थोरली तेव्हा मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं काम करत होती. तिनं दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. जिला आपण पाळण्यात घातलं, जिच्या तोंडात पहिला घास भरवला, ती मुलगी इतक्या वर्षांनी आपल्याशी आपणहून बोलली, याचा आनंद तिला इतका झाला, की त्या आनंदाचीच तिला लाज वाटली. दुसऱ्याच्या दुखण्यातून आपल्याला सुख मिळावं... देवा, हे कसलं मन दिलंस मला!

त्या मुलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. पाच वर्षांची असताना मेंदूत चढलेल्या तापानं तो कान नेला. धाकटी तेव्हा बढतीच्या परीक्षेसाठी परगावी होती, घरातले बाकी सगळे लग्नाला गेले होते आणि मूल थोरलीवर सोपवलेलं होतं. थोरलीनं भर दुपारी शेजाऱ्यांच्या घरून फोन लावला होता. "पोरगी तापानं फणफणलीय, मोठ्या दवाखान्यात नेऊ का?" पलीकडून उत्तर आलं होतं, "एकच पेपर राहिलाय ताई. पट्ट्या ठेवा, उगाच सुया टोचून घाबरवतील तिला. मी येईपर्यंत थांबा. आणि फोन केल्याचं घरात बोलू नका, मला परत बोलावतील." थोरली थांबली. आई ती होती, आपण कोण? पहाटे मुलीला आकडी आली तेव्हा मात्र ती तिला उचलून धावत सुटली...

आणि मग तो व्हरांडा. धाकटीचा तो आरोप. थोरलीनं तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात दिराचे संतापानं पेटलेले डोळे तिला दिसले. खरं कळलं असतं तर त्यानं बायकोला त्याच पावली घराबाहेर काढलं असतं. मुलीला आई हवी होती. थोरलीनं तोंड मिटलं, ते मिटलंच. पुढे ते घरही तिनं सोडलं. मौन हेच आपलं व्रत, देवानं घालून दिलेलं, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि त्या समजुतीवर ती जगत आली.

आता धाकटी पुन्हा वॉर्डात होती. तापाचा जोर वाढत होता, शुद्ध येत-जात होती. सकाळी मुलगीही रजा मिळवून आली आणि पलंगाच्या पायाशी उभी राहिली. सिस्टरनं रोजचे प्रश्न विचारायला घेतले.

"हे काय आहे, आजी?"

"पेन."

"आणि हे?"

"घड्याळ. बंद पडलंय का ते?"

"चालू आहे हो. आता शंभरपासून दहा-दहा कमी करत या बघू."

धाकटी साठपर्यंत आली आणि अडखळली. सिस्टरनं थोरलीकडे बोट केलं. "बरं, ते राहू दे. या कोण?"

धाकटी बराच वेळ बघत राहिली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "यांनी मला फोन केला होता. मी आले नाही. मीच म्हटलं, पट्ट्या ठेवा, थांबा. यांनी नाही लपवला ताप."

ती पुन्हा तेच बोलली. पुन्हा तेच. मुलीचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला आणि तिथंच राहिला.

डॉक्टर आले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि थोरलीला बाजूला घेतलं. मुलगी मागोमाग आलीच. "मावशी, बाकीची उत्तरं अगदी काठावर आहेत," ते म्हणाले. "या जे बोलतायत, तो भ्रम आहे, की खरी आठवण डोक्यात घोळतेय? भ्रम असेल तर सूज उतरवणारं औषध आत्ताच, मोठ्या मात्रेत देतो. त्यानं त्या शिकवलेल्या पेशींचा जोर ओसरण्याची भीती असते, पण मेंदू आधी जपायचा. आठवण असेल तर थोडी वाट बघता येईल. तुम्ही ओळखता त्यांना. तुम्हीच सांगा."

"भ्रमच आहे," थोरली म्हणाली. "असा फोनबिन काही झालाच नव्हता."

किती सहज आलं ते! इतक्या वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप वळली. डॉक्टर मान हलवून सिस्टरकडे वळले आणि सिस्टर औषधाच्या कपाटाकडे निघाली. कोण वाचत होतं या खोट्यानं? धाकटी? तिचं तर प्राणाचं औषध आपण पातळ करायला निघालो! मुलगी? तिला आपण आयुष्यभर चुकीच्या माणसाचा राग करायला लावला. मग उरलं कोण... उरली ती आपणच. सोसणारी, थोर मनाची, देवापुढे मान ताठ ठेवून बसणारी. ज्याला आपण व्रत म्हणून गोंजारलं, तो आपला अहंकार होता! लाजेनं तिची कानशिलं तापली.

"थांबा हो, डॉक्टर." तिचा आवाज फाटला. "मी खोटं बोलले. ती म्हणतेय ते सगळं खरं आहे. शब्दन् शब्द."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की?"

"देवाशपथ नक्की. ती शुद्धीवरच बोलतेय."

"मग तासाभरानं पुन्हा तपासू," ते म्हणाले. सिस्टरनं कपाट बंद केलं.

मुलगी जागची हलली नव्हती. "म्हणजे आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात. माझ्या लग्नात तुम्हाला बोलवायचं नाही, म्हणून मी हट्ट धरला होता, काकू. आई रडली, तर मला वाटलं, तुमच्या रागानं रडतेय." ती ओठ चावत थांबली. "मला एकदा तरी सांगायचं. कान माझा होता ना?"

"चुकलं माझं," एवढंच थोरली म्हणाली. पण मुलगी पाठ फिरवून जिन्यानं उतरूनही गेली होती.

ती त्यानंतर आली नाही. रोज फोन करी, पण सिस्टरला. तासाभरानं तपासलं तेव्हा धाकटी बरी होती, संध्याकाळी आणखी बरी. मोठं औषध लागलंच नाही. हळूहळू ताप उतरला, शंभरपासूनचे आकडे न अडखळता खाली उतरू लागले. रक्ताच्या तपासण्यांवरून, पेशी नेटानं कामाला लागल्यात, असं डॉक्टर म्हणाले. सारं चांगलं घडत होतं, आणि थोरलीला धाकटीच्या नजरेला नजर देववत नव्हती. जे होऊ नये म्हणून जन्मभर ओठ शिवले, नेमकं तेच आपण करून बसलो. तिची लेक तिच्यापासून तोडली.

"पोरगी का येत नाही, ताई?" धाकटीनं शेवटी विचारलंच.

"तू तापात बोललीस. फोनचं. तिनं ऐकलं." थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टरांनी विचारलं, खरं का. मी हो म्हटलं."

धाकटीचा चेहरा विझत गेला. तिनं चादरीची कड चिमटीत धरली.

"त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही तोंड उघडलं होतंत," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं. मला वाटलं, आता सांगतील, मेले मी. आणि तुम्ही मिटलंत. त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. तुमच्याबद्दल काही वाटलंच नाही, ताई. पुढे वाटलं, पण तोवर तुम्ही घर सोडून गेला होतात, आणि मला तेही सोयीचं झालं."

"पुरे गं."

"नाही. मला बोलू द्या."

त्याच दुपारी मुलगी आली. रात्ररात्र झोप नसल्यासारखे डोळे. तिनं आईला हात लावला नाही. स्टूल ओढलं आणि पलंगापासून जरा दूरच बसली.

"मला त्या दिवसाचं सगळं ऐकायचंय," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"हिला अजून त्रास होतो बोलायचा," थोरली घाईनं म्हणाली. "मी सांगते ना तुला. त्या काळी एक परीक्षा चुकली, की पुन्हा संधी मिळत नसे. तिचं वय तरी काय..."

"काकू." मुलीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, लाजही होती, आणि आजवर तिथं कधी न दिसलेलं काहीतरी होतं. "तुम्ही पुन्हा तेच करताय."

थोरली उठली. आई-लेकीच्या मधे आपलं काय काम? पण दोन पावलं टाकली तोच मुलीनं तिचं मनगट धरलं, घट्ट, हिसका बसावा इतकं घट्ट.

"बसा. आईनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं ना तुम्हाला? मग हेही तुमच्यासमोरच होऊ दे."

थोरली बसली. धाकटी उशीला टेकून सावरून बसली होती, केस गेलेलं डोकं उघडं. तिनं एकदा थोरलीकडे पाहिलं, सवयीनं, आधाराला पाहावं तसं. आणि थोरलीनं सगळं बळ एकवटून मान खाली घातली. मुलीनं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"फोन दुपारी आला," धाकटी म्हणाली. "मी अभ्यास करत होते. काकूंचा आवाज रडवेला होता... आणि मला, बाळा, आधी राग आला. तुझ्या तापाचा राग आला मला."