नावाची रिकामी जागा

पहिल्याच भेटीत मी त्याच्या हातात बटणं ठेवली.

ठेवायची होती खरं तर मांजराची शी. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात सगळं काही पत्र्याच्या चपट्या डब्यांत असतं, आणि घाईघाईत मी भलताच डबा उचलून आणला. प्राण्यांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशेजारी तो उभा होता. पांढरा कोट, त्याचं मधलं बटण तुटलेलं. त्याने डबा उघडला. आत सात मोतिया बटणं!

"यात परजीवी नाहीत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "हे मी न तपासता सांगतो."

"अगं बाई... म्हणजे दुसरा डबा आत्याकडे!"

आत्या गिऱ्हाइकासमोर तो डबा उघडते आहे, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी धूम ठोकली. मागून त्याचं हसू ऐकू आलं. छान हसत होता मेला. एरवी मीही हसले असते, पण त्या दिवसांत माझा जीव सारखा टांगणीला लागलेला होता.

चिंध्यांच्या पोत्यात मला दोन पिल्लं सापडली होती. पांढऱ्याचं मी हौसेने नाव ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते गेलं. उरली ती ही राखाडी. तळहातावर मावेल एवढी, आणि जुलाबांनी नुसतं चिपाड झालेली.

योग्य डबा घेऊन परत गेले, तेव्हा भिंगवाल्याने (मनात मी त्याला हेच म्हणायचे) कार्ड भरायला घेतलं.

"पेशंटचं नाव?"

"नाही ठेवलं."

"का?"

"असंच."

त्याने कार्डावर तारीख लिहिली. नावाची जागा रिकामी सोडली आणि बटणांचा डबा परत दिला. त्यात सहाच बटणं होती. एखादं पडलं असेल, मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांचं औषध दिलं. पिल्लू बरं झालं... आणि आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा जुलाब. दर सोमवारी मी डबा घेऊन हजर.

"आज काय, बटणं की हुकं?" तो विचारायचा.

"उघडून बघा. धीर असेल तर."

"तुमच्या डब्याची वाट बघणारा सगळ्या गावात मी एकटाच असेन, नाही?"

मी लाजायचे, अगदी कानापर्यंत. मग तो भिंगात वाकायचा आणि मी त्याच्या मानेकडे बघत बसायचे. तो मान वर करायचा ती नेहमी सावकाश. म्हणजे परजीवी आहेतच अजून.

तिसऱ्यांदा जुलाब उलटले तेव्हा काट्यावर तीनशे ऐंशी ग्रॅम आले. आधी चारशे दहा होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पुन्हा झालं तर तिला झेपायचं नाही, बरं का."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो थेट दुकानात उभा! आत्याने चष्म्यावरून त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "कोट शिवायचाय का?"

"नाही, मांजर बघायचंय."

"हल्ली असंच म्हणतात वाटतं," आत्या पुटपुटली आणि मशीनवर वाकली.

तो माझ्याशी हळू बोलला. "औषध बरोबर आहे. म्हणजे तिला पुन्हा लागण होतेय, इथेच कुठेतरी. या परजीवींच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले परजीवी, कापडात दडून बसतात. ती अंग चाटते, त्या पोटात जातात. सगळं धुतलंय?"

"सगळं."

"सगळं?"

तिच्या खोक्यात तळाशी फलालीनच्या मऊ कापडाचा एक तुकडा होता. मी तो हळूच बाहेर काढला आणि छातीशी धरला.

"हा नाही धुतला," मी म्हणाले, आणि रडूच फुटलं. "यावर पांढरं झोपायचं. त्याचा वास आहे याला. ही यात नाक खुपसते तेव्हाच झोपते. मीसुद्धा... मला वाटलं, एवढ्याशा तुकड्याने काय होणार..."

म्हणजे मीच. गेले पाच आठवडे मीच तिला आजारी पाडत होते!

तो रागावला नाही. "वास जाईल," म्हणाला, "पण ही राहील."

"धुऊन मरतील त्या पुटी?"

"नुसत्या साबणाला दाद देत नाहीत. वाफ लागते, चांगली कडक."

मी दिवसभर वाफेची इस्त्री चालवणारी बाई! तो तुकडा उकळला, मग इस्त्री धरली. वाफ भसाभसा वर आली आणि त्या वासाचा शेवटचा कण घेऊन गेली. मी ढसाढसा रडत इस्त्री फिरवत होते, तो शेजारी उभा होता. तेव्हा दिसलं... त्याच्या कोटावर मधोमध माझं मोतिया बटण. काळ्या जाड दोऱ्याने, वेडंवाकडं लावलेलं.

मग पुन्हा औषध, शेवटच्या दिवशी पिल्लाला कोमट पाण्याची अंघोळ, खोक्याला वाफ, टेबलाला वाफ. पंधरा दिवस मी रोज सकाळी जीव मुठीत धरून खोक्यात डोकवायचे. हलतेय ना? हलतेय.

सोमवारी तो भिंगात वाकला. किती वेळ! मान वर करेचना.

"सांगा ना हो..."

"तुम्हीच बघा."

मी डोळा लावला. "काहीच दिसत नाही."

"तेच तर दाखवायचं होतं."

त्याने कार्ड पुढे ओढलं. "पाचशे वीस ग्रॅम. आता नाव सांगा."

"भीती वाटते," मी म्हणाले. "नाव ठेवलं की जातात."

तो कार्डाकडेच बघत राहिला. "म्हणून माझंही विचारलं नाहीत? दोन महिने झाले."

खरंच की. आणि मला ते कळलंच नव्हतं.

"आता पुढच्या सोमवारी तुम्ही यायचं काही कारण नाही," तो म्हणाला. आज त्याचाच आवाज घाबरलेला होता.

"आहे ना," मी म्हणाले. "ते बटण कशाने शिवलंत?"

"टाक्यांच्या दोऱ्याने... जखमा शिवतात ना, त्या."

"काढा तो कोट. लाज आहे माझ्या धंद्याला."

त्याने निमूट कोट दिला. मी पिशवीतून सुई काढून ओवली. बटण नीट लावताना दोनदा बोटाला टोचलीसुद्धा. मग कार्ड ओढून मी त्या रिकाम्या जागेत राखाडीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण खोडलं नाही.

आणि मान खालीच ठेवून विचारलं, "बरं... तुमचं नाव काय?"