भिंगरीनं धरलेलं कापड

एक होता रंगारी. एक होती त्याची बायको, एक त्याची म्हातारी आई, आणि एक होती त्यांची लेक. ती कधी चालायचीच नाही, गरगरत पळायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. घर नदीला लागून आणि घराच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना. रंगारी हौदावर, बायको कापड वाळत घालायच्या दोऱ्यांवर आणि म्हातारी भिंगरीच्या मागे, अशी कामं वाटलेली.

कारखाना नदीतलंच पाणी ओढायचा आणि कापड रंगवून झालं की रंगाचं पाणी नदीतच सोडायचा. त्यामुळे वस्तीतल्या बायका सकाळी एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आज नदी कोणती?"

"आज गुलाबी. काल शेवाळी होती."

"मेलीकडे आपल्यापेक्षा जास्त कपडे!"

हसायच्या आणि प्यायचं पाणी आणायला टेकडीपलीकडे चालू लागायच्या. नदीतले मासे कधीच गेले होते, बेडूकही गेले होते. वरच्या शहरातून जुने कपडे मात्र वाहत यायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. जुने म्हणजे काय, एकदा अंगाला लागलेले. मुकादम म्हणायचा, "टाकू देत की. त्यांनी टाकलं नाही तर आपण रंगवायचं काय?" आणि वस्तीतल्या चुली कारखान्याच्या मजुरीवरच पेटत होत्या, तेव्हा त्याला उलट कोण बोलणार?

मग एका दुपारी म्हातारीचा डोळा लागला. नदी त्या दिवशी निळी होती आणि वर जाड फेस होता, उशीतल्या कापसासारखा. भिंगरी तो धरायला गेली असणार. फेसावर तिची चप्पल सापडली, पोर काही सापडली नाही. माणसांनी बांबू घालून तळ चाचपला, पण बांबू बुडालेल्या कपड्यांतच रुतून बसायचा. त्या पाण्यात बुडवलेला स्वतःचा हात मनगटापुढे दिसत नव्हता, तिथे लेकरू कुठून दिसणार?

भोंगा झाला की कामावर जावं लागतंच. नवराबायको जात राहिले. म्हातारीची वाचाच बसली. दारात बसायची आणि पाण्याकडे बघायची.

पुढे एका सकाळी रंगाऱ्याची बायको ओला तागा दोरीवर पसरत होती. रंग केशरी, एकसारखा उतरलेला. पण खालच्या काठाशी तिला दोन पांढरट डाग दिसले. तिथे रंग धरलाच नव्हता. घडी राहिली असेल म्हणून तिनं कापड ताणलं आणि तिचा हात तिथेच थांबला. पाच बारीक बोटं. शेजारी आणखी पाच.

तिनं तो काठ आत दुमडला. पण पुढच्या ताग्यावरही तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच, आणि एक दिवस मुकादमानं पाहिलं.

"रंगाऱ्या, डोळे घरी ठेवून येतोस का रे? हे डाग कसले?"

"गाठ राहिली असेल, साहेब."

"मग परत बुडव. काळा दे. काळ्यात सगळं झाकतं."

रंगाऱ्यानं कापड काळ्या हौदात घातलं. ते फुगून वर यायला लागलं, तसं त्यानं लांब दांड्यानं खाली दाबलं आणि दाबूनच धरलं, रंग मुरेपर्यंत.

बायकोनं ते दोरीवर टाकलं. रंगाचा उग्र वास होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्याच्या खाली आणखी एक वास होता, उन्हात खेळून आलेल्या पोराच्या केसांना येतो तसा. हात अजून पांढरेच होते. पण आता बोटं आवळलेली होती, आणि त्यांच्याखाली लांब ओरखडे उतरत गेले होते, घसरत जाणारं माणूस ओढतं तसे.

तिनं आपला तळवा त्यावर ठेवला. उजवी करंगळी वाकडी होती. भिंगरीची दारात चेमटली होती ती.

"अहो..."

"काय गं?"

"हे डाग नाहीत. ती कापड धरून वर यायला बघतेय... आणि तुम्ही तिला दांड्यानं..."

रंगाऱ्यानं आपले हात पाहिले. कोपरापर्यंत काळे झालेले.

दुसऱ्या दिवशी, भोंगा व्हायच्या आत, त्यानं कारखान्यातला एक कोरा तागा खांद्यावर घेतला. कोरं कापड उचललं म्हणजे काम गेलं, हे त्याला ठाऊक होतं. दोघं नदीवर निघाली, तर मागून काठीचा आवाज आला. म्हातारी.

"मी धरते टोक," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज निघाला होता. "आज नाही माझा डोळा लागायचा."

नदी त्यांच्याच काळ्या रंगानं काळी होती. त्यांनी तागा पाण्यात सोडला. तो गेला आणि दिसेनासा झाला.

"भिंगरे... ये गं बाई. धर..."

कुठेच काही हललं नाही. मग कापड सावकाश ताठ झालं.

"हिसका देऊ नका हं..."

"नाही देत."

"घट्ट धर, माझी बाय. सोडू नकोस..."

ती आली. कापडाच्या घडीत गुंडाळलेली, त्या दुपारी होती तशीच, अंगावर रंगाचा ठिपकाही नाही. डोळे मिटलेले. थंडगार. आईनं तिला मांडीवर घेतलं, तळव्यानं केस पुसले, आणि इतके दिवस अडकलेलं रडणं एकदाचं मोकळं झालं.

"अरे," म्हातारी म्हणाली, "अजून ओढतंय..."

तागा लांब होता, अर्धा पाण्यातच होता, आणि तो ताठ होता. तेवढ्यापुरती नदी नितळ झाली होती. तळ दिसत होता. तळाशी टाकलेल्या कपड्यांचे थरावर थर होते, आणि सगळ्यांच्या बाह्या वर झालेल्या होत्या. बाह्यांत काहीच दिसत नव्हतं. तरी कोऱ्या कापडाच्या काठाला जागोजाग चुण्या पडत होत्या, मुठीत धरल्यावर पडतात तशा.

"सोड, आई."

"कोण आहेत रे?"

"आपलं कोणी नाही. सोड."

म्हातारीनं सोडलं. तागा सरसरत गेला आणि पाणी पुन्हा काळं झालं.

भिंगरीला त्यांनी टेकडीवर मातीआड केलं. काम गेलं, पण पलीकडे एका फळबागेत दुसरं मिळालं, राहायला खोलीही मिळाली. विहिरीचं पाणी असं की तळातला खडा दिसावा. वर्ष सरताना पुन्हा लेक झाली, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. म्हातारीची वाचा परत आली ती अशी आली की आता तिला गप्प कोण करणार, असं सून हसून म्हणते. सगळं चांगलं झालं, अगदी हवं तसं झालं.

फक्त कधी कधी रंगाऱ्याची बायको धुणं वाळत घालते, वारा पडलेला असतो, झाडाचं पान हलत नसतं, आणि दोरीवरचं एक कापड सावकाश ताठ होतं. मग त्याच्या शेजारचं होतं. दोरी खाली वाकते. खाली कोणी नसतं. ती लेकीला कडेवर घेते आणि दुसऱ्या हातानं दोरीला आधार देऊन उभी राहते. कपडे कधीचे वाळलेले असतात, पण ती ते काढत नाही.