केतकीवरचा खटला

"परत येते हो ती शेवटी. एकटीच."

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाच्या खिडकीशी मी 'विहिरीपल्याड' ही कादंबरी छातीशी धरून उभी होते. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती, म्हणून पुस्तक पुन्हा माझ्या नावावर लावून घ्यायला आले होते. आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या ह्या उंच, निथळत्या छत्रीच्या माणसाने मला सरळ शेवट सांगून टाकला!

मी गर्रकन वळले. "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नाही, पण... तुम्ही पुस्तक असं धरलं होतंत, मला वाटलं वाचून, रडून सगळं झालंय."

"रडेन माझी मी! आता पुढे काय डोंबल वाचू?"

"वाचा ना. ती परत येते एवढंच सांगितलं मी. का येते, ते मलाही कळलेलं नाही. मी तर जाम चिडलोय तिच्यावर."

"मग तिचं बरोबरच असणार," मी म्हणाले. ती पानं मी वाचलीसुद्धा नव्हती. पण ह्या माणसाने चिडायचं आणि मी मान डोलवायची, छे!

तो हसला. हसताना त्याची छत्री हलली आणि माझ्या पायांवर पाणी सांडलं. "सॉरी," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ माझ्या ओल्या चपलांकडे असा बघत राहिला, जणू त्या आता तोच पुसून देणार होता. श्यामकांत त्याचं नाव. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. हे मला वाचनालयाच्या खिडकीतून नीलाने नंतर सांगितलं. नीला माझी मैत्रीण, आणि तिथली मदतनीस.

सत्तावन्नच्या त्या पावसाळ्यात अख्खं मुलुंड 'विहिरीपल्याड' वाचत होतं. गोष्ट अशी, की आजच्या काळातली केतकी नावाची मुलगी एका जुन्या विहिरीत उतरते आणि बाहेर येते ती थेट पेशवाईत. तिथे तिला विसाजी नावाचा तरुण शिलेदार भेटतो. दोघांचा जीव जडतो. आणि मग एका पहाटे, विहिरीला पाणी चढतंय, आता परतीची वाट बुडणार हे बघून, केतकी त्याला काही न सांगता आपल्या काळात निघून येते. संपलं!

लोक नुसते पेटले होते. शेजारच्या वसुधावहिनींचं म्हणणं, "बाई गं, नऊवारी नेसायला ही एका दिवसात शिकली कशी? तिथेच माझा विश्वास उडाला." नीलाचं मत, विसाजीसारखा माणूस मिळाला तर ती विहीर स्वतः बुजवेल. माझी आई कादंबऱ्या वाचत नसे. तिने माझ्याकडून गोष्ट ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाली, "तिच्या आईला कळवायची काही सोय नव्हती का गं?"

आणि ह्याच कादंबरीवर आमच्या गणेशोत्सवात अभिरूप न्यायालय भरवायचं ठरलं. दरवर्षी आमच्या मंडपात हा लुटुपुटीचा खटला चालायचा. बांबूंचा पिंजरा, त्यात आरोपी, दोन बाजूंना दोन वकील, आणि खुर्चीवर न्यायाधीश म्हणून माझे वडील, म्हणजे भाऊ. भाऊ फोर्टातल्या कोर्टात शिरस्तेदार. वर्षभर न्यायाधीशाच्या पायाशी बसायचं आणि ह्या एका संध्याकाळी स्वतः खुर्चीवर! त्यामुळे ते हा खटला खऱ्यापेक्षाही खरा चालवायचे. खोकला आला तरी परवानगी घ्यायला लावत.

मंडळाच्या लोकांनी आमचं खिडकीशी झालेलं भांडण ऐकलेलं होतंच. श्यामकांत फिर्यादीचा वकील झाला, मी बचावाची.

मग काय, सगळा श्रावण आम्ही तयारीच्या नावाखाली भांडलो. वाचनालयाच्या व्हरांड्यात तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये क्रोशाचं विणकाम घेऊन नीला. बाहेर ऊन-पावसाचा खेळ.

"सांगून गेली असती तर काय बिघडलं असतं?" तो म्हणायचा.

"सांगितलं असतं तर जाता आलं नसतं."

"म्हणजे आवडत होता तो."

"न आवडायला काय झालं? शेवट तरी फोडत नव्हता कोणाला."

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा यायचा. त्याच्यावरची साय बघून मला मळमळायचं. पहिल्याच दिवशी माझा चेहरा बघून श्यामकांतने काही न बोलता माझा कप ओढून घेतला, चमच्याने साय काढली आणि कप पुढे सरकवला. मग रोजच. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, त्याचा हात माझ्या कपाकडे यायचा. आणि मी, जी घरात आईलाही शेवटचा शब्द बोलू देत नसे, ती गप्प बसून त्या हाताकडे बघत राहायची. नीला विणकामात खाली मान घालून हसायची. लबाड कुठली!

मला वाटायचं, आज बोलेल. उद्या बोलेल. आणि गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी तो बोलला.

"मला भिलाईला नोकरी लागली. नवा पोलादाचा कारखाना उभा राहतोय ना, तिकडे. विसर्जन झालं की निघेन म्हणतो."

"छान," मी म्हणाले. "अभिनंदन."

तो काही तरी सांगायला आल्यासारखा पुढे झाला... आणि म्हणाला काय, तर, "आरोपपत्र एकदा वाचून दाखवू का?"

वाच बाबा, वाच!

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. आरतीत टाळ चुकायचे, सारण करपायचं. नीला म्हणाली, "तूच विचार ना त्याला." मी तिच्यावर खेकसले. मुलीने विचारायचं? आणि त्याच्या मनात काही नसलंच तर? साय काय, कोणीही काढून देतं. चांगल्या घरचा मुलगा, मदत करतो, एवढंच असेल. ह्या असेल-नसेलने मी झोपेतही कुशी बदलत होते. तो जाणार होता आणि मला कळायचंच राहणार होतं.

खटल्याच्या दिवशी मंडप गच्च भरला. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, पुढच्याच ओळीत आई आणि वसुधावहिनी. तेवढ्यात सगळा बेतच फिसकटला. केतकी होणार होती सुगंधा. तिने चार दिवस आरत्या अशा काही बेंबीच्या देठापासून ओरडल्या होत्या, की आता तिच्या घशातून हवेशिवाय काही येईना.

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि हातोडा आपटला. "आरोपीचा जबाब तिच्या वकिलाने पिंजऱ्यात उभं राहून द्यावा."

"भाऊ, अहो..."

"न्यायालयात भाऊ नाही."

मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले आणि श्यामकांत समोर आला. काळा कोट कोणाचा तरी मागून आणलेला, बाह्या तोकड्या. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

"आरोपी केतकी," त्याने सुरुवात केली, "विसाजी तुम्हाला आवडत होता?"

लाउडस्पीकर खरखरत होता. समोर सगळं मुलुंड.

"हो," मी म्हणाले.

"मग त्याला न सांगता का निघालात?"

"त्याने थांब म्हटलंच नाही."

"त्याच्या वागण्यातून तुम्हाला समजलं नाही?"

"वागण्यातून कसं समजायचं?" माझा आवाज चढला. "माणसाला तोंड कशाला दिलंय देवाने?"

बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या. मी तयार केलेलं उत्तर हे नव्हतंच. ते सभ्य होतं, त्यात कर्तव्य वगैरे शब्द होते. ते कुठे गेलं कोण जाणे.

"पण... समजा, त्याला भीती वाटत असेल तर?" श्यामकांत हळूच म्हणाला. हा प्रश्नही आमच्या तयारीत नव्हता.

"आणि मला वाटत नाही भीती? रोज संध्याकाळी समोर बसायचं, वाद घालायचा, माझ्या चहावरची साय काढून द्यायची..."

"पेशवाईत चहा?" मागून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला. मला ऐकू आला, पण थांबता येईना.

"...आणि वर म्हणायचं, जाणारा माणूस गुन्हेगार! मग स्वतः खुशाल भिलाईला निघालात ते?"

हशा मध्येच तुटला. मंडपात आता लाउडस्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. वसुधावहिनींचा आ वासलेला. आईने पदर तोंडाशी धरलेला. श्यामकांत पांढराफटक. आणि खुर्चीवर भाऊ, चष्म्यावरून माझ्याकडे एकटक बघताहेत.

वाट लागली. संपले मी.

हातोडा आपटला गेला. "कामकाज थोडा वेळ तहकूब. दोन्ही वकिलांनी आत यावं."

मंडपाच्या मागच्या पडद्याआड प्रसादाची पातेली ठेवलेली होती. तिथे भाऊ उभे राहिले. हातातला हातोडा खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं, त्यामुळे मला आणखीच धडकी भरली.

"उत्तरा, आताचा जबाब केतकीचा होता की तुझा?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि डोळेच भरून आले. "माझा."

"भाऊसाहेब, चूक माझी आहे..." श्यामकांत पुढे झाला.

"तुम्हाला विचारलेलं नाही. तुमची पाळी येईल." मग त्याच्याकडे वळून, "आली. बोला."

"तिकडे अजून काही नाही हो. पत्र्याच्या खोल्या, पाणी टँकरचं, उन्हाळा तर विचारू नका. अशा ठिकाणी हिला ये कसं म्हणू? हो म्हणाली तर हिचे हाल... आणि नाही म्हणाली तर माझे. म्हणून मग बोललोच नाही."

"हाल माझे ना?" मी रडता रडता भडकले. "मग मला विचारायचं! परस्पर ठरवून मोकळे! माझ्या वाटचंही तुम्हीच उत्तर देणार का?"

तो माझ्याकडे वळला. पडद्यापलीकडे लोकांची कुजबुज वाढत चालली होती.

"उत्तरा," तो म्हणाला, "येशील माझ्याबरोबर?"

मी घाबरून भाऊंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? प्रश्न तुला विचारलाय." आणि ते पाठ फिरवून प्रसादाच्या पातेल्यावरचं झाकण नीट करू लागले. ते नीटच होतं.

"येईन," मी म्हणाले. एवढा बारीक आवाज माझा मला माहीतच नव्हता. श्यामकांतने ऐकला मात्र. तो हसला, मग त्याने चेहरा तोकड्या बाहीने पुसला, आणि मला एकदम हायसं वाटलं.

आम्ही बाहेर आलो. भाऊ खुर्चीवर बसले, घसा साफ केला.

"निकाल. आरोपी केतकी निर्दोष आहे. तिला कोणी थांब म्हटलं नाही, ती थांबली नाही. दोष विसाजीचा. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला न विचारता परस्पर ठरवून टाकणं, ह्याला हे न्यायालय गुन्हा समजतं."

टाळ्या झाल्या, पण अर्ध्यामुर्ध्याच. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. शेवटी वसुधावहिनींना राहवलं नाही. त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"ते सगळं झालं हो, पण त्या भिलाईचं काय?"

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. आता भाऊ काय सांगणार? चारचौघांत मुलीचं नाव यायला नको म्हणून हसण्यावारी नेतील? भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते प्रकरण वेगळं आहे," ते म्हणाले. "ते आत्ताच आत निकाली निघालं. मुलगा चांगला आहे."

मंडपात एकच गलका उडाला. नीलाने कुठून तरी शिट्टी मारली. आणि त्या सगळ्या गोंधळावर बायकांच्या पहिल्या ओळीतून आईचा आवाज आला.

"अहो, आणि मला विचारलंत का?"

गलका जागच्या जागी थांबला. भाऊ खुर्चीत अवघडले. त्यांनी हातोड्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत खटला चालू असताना ते खुर्चीवरून उठल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ते उठले, तीन पायऱ्या उतरले आणि सगळ्यांसमोर आईपुढे जाऊन उभे राहिले.

"चुकलं," ते म्हणाले. "विचारतो. तुझं काय मत?"

आई श्यामकांतकडे बघत होती, त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. आई नाही म्हणाली असती तर भाऊंचा निकालही टिकला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"काय हो," आईने त्याला विचारलं, "तुमच्या त्या भिलाईला नारळ मिळतो का?"

"माहीत नाही," श्यामकांत म्हणाला. "विचारून सांगतो, आई."

आईने पदराने डोळे टिपले. "लवकर सांगा," ती म्हणाली, "म्हणजे हिच्याबरोबर किती द्यायचे ते बघते."