निवारण झाले

दहावं ठिकाण एकदा हाती लागलं, की नाकमुरड्याला संपादकाची खुर्ची मिळणार होती. खुर्चीबरोबर खिडकीजवळचं टेबल मिळणार होतं, दुपारचा चहा जागेवर मिळणार होता, आणि तो गार झाला म्हणून कुणावर तरी डाफरायचा हक्कही मिळणार होता. पण या कशाचीच त्याला फारशी हाव नव्हती. त्याला हवं होतं ते एवढंच, की रोज संध्याकाळी घरी जाता यावं.

घरी ताई होती. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई बावीसची. तिने त्याला वाढवला, शिकवला, आणि या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. आता ती एकसष्ट वर्षांची होती. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा हा एक दिवसाच्या प्रवासाएवढा लांब, कुठल्याशा हॉटेलात उशीची जाडी मोजत बसला होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून त्याची झोप जी उडाली ती उडालीच. घरी असला की पलीकडच्या खोलीतला तिचा श्वास ऐकत जागा राहायचा, आणि बाहेरगावी असला की तो ऐकू येत नाही म्हणून.

प्रवासाच्या एका मासिकासाठी मुक्कामाच्या जागा तपासणं हे त्याचं काम. पलंग करकरतो का, नळ गळतो का, चादरीवर आधीच्या माणसाचा केस आहे का. वीस वर्षं हे करून कचेरीत नाव पडलं नाकमुरड्या, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही. मासिकाचा सगळ्यांत जास्त खपणारा अंक म्हणजे ‘पुन्हा न जाण्याची दहा ठिकाणं’. नावं वाचकच पत्रांतून सुचवायचे. यंदाची नऊ झाली होती. दोन ढेकणांची, तीन फसवणुकीची, बाकीची निव्वळ कंटाळ्याची.

दहाव्यापुढे संपादक अडले होते. एकाच विश्रामगृहाबद्दल एक्केचाळीस पत्रं आली होती, आणि एक्केचाळीसही पत्रांत स्तुती होती.

“हे वाच,” ते म्हणाले. “खोली स्वच्छ. सेवा अशी की तक्रार केली आणि पुढच्या चहापर्यंत ती दूर झाली. आणि शेवटी काय, तर पुन्हा कधीही जाणार नाही. हेही तेच. हेही.”

“कारण?”

“कुणीच दिलेलं नाही. तू कारण घेऊन ये, खुर्ची घे. मी सुटतो.”

दोघांची सोय होती, म्हणून त्याने ताईलाही बरोबर घेतलं.

“म्हणजे तू नावं ठेवणार आणि मी हवा खाणार?” ताई म्हणाली. “चल बाबा. काम करतोस की नुसता लोळतोस, ते तरी डोळ्यांनी बघते.”

गाव साधंच होतं. एक चौक, एक बसथांबा, एक सरळ रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती, पण सलग नव्हती. दोन घरं, मग मोकळी जागा, मग एक घर, मग पुन्हा मोकळी जागा. पडझडीचा मागमूस नाही, दगड नाहीत, पाया नाही. नुसतं जून गवत.

“पडलेल्या दातांसारखं दिसतंय,” ताई म्हणाली, आणि जिभेने स्वतःची दाढ चाचपली.

विश्रामगृह दुमजली होतं. मॅनेजर गुळगुळीत दाढी केलेला, हळू बोलणारा माणूस. त्याने किल्ली दिली आणि टेबलावरची जाड वही पुढे सरकवली. “ही तक्रारवही. काही खुपलं तर संकोच करू नका. दुपारी लिहिलंत तर सकाळच्या चहापर्यंत निवारण. सकाळी लिहिलंत तर दुपारच्या चहापर्यंत. आजवर एकही तक्रार शिल्लक राहिलेली नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” नाकमुरड्या म्हणाला.

“सगळे म्हणतात,” मॅनेजर मान डोलावत म्हणाला.

पहिल्या दुपारी त्याने लिहिलं: नळ गळतो. सकाळी नळ कोरडा ठणठणीत, आणि वहीत त्या ओळीपुढे हिरव्या शाईत ‘निवारण झाले’. मग त्याने लिहिलं, समोरच्या अंगणातला कुत्रा भुंकतो. दुपारच्या चहाला बाहेर अगदी शांत होतं. पाय मोकळे करायला म्हणून तो समोर गेला. अंगणात बसलेल्या माणसाला विचारलं, “कुत्रा आजारी आहे का हो?”

“कुठला कुत्रा?”

“तुमचा. तपकिरी.”

“मी कुत्रा कधी पाळलाच नाही,” तो माणूस म्हणाला. त्याच्या हातात एक गळपट्टा होता, आणि तो उलटसुलट करून बघत होता, कोणी विसरलेली वस्तू बघावी तसा.

नाकमुरड्याला जरा विचित्र वाटलं, पण जास्त वाटला तो राग. इतकं चोख ठिकाण दहाव्या जागेवर बसवायचं कसं? अशा वेळी त्याची एक ठरलेली युक्ती असे. शेवटी एक अशक्य तक्रार लिहायची. मालक चिडतो, नाहीतर गयावया करतो, आणि दोन्हींत लिहिण्यासारखं काहीतरी मिळतंच.

खोलीच्या खिडकीसमोर तीन मजली इमारत होती. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस सज्जात आरसा टेकवून दाढी करत होता. ताईने सहज हात हलवला, तर त्याने फेसाळलेल्या गालांनी हसून ब्रश हलवला. वरच्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती.

नाकमुरड्या खाली गेला आणि लिहिलं: समोरच्या इमारतीमुळे डोंगर दिसत नाही.

मॅनेजरने ओळ वाचली. चिडला नाही की गयावया केली नाही. “बरोबर आहे,” म्हणाला.

सकाळी त्याला जाग आली ती उजेडाने. ताईचा पलंग रिकामा होता. ती लवकर उठून खाली चहाला गेली असणार. खोलीत एवढं ऊन त्याने दोन दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने पडदा सरकवला.

समोर डोंगर होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा.

मध्ये गवत होतं. जून, गुडघाभर उंच, वाऱ्यावर हलणारं. त्यातून एक पायवाट गेली होती, आणि वर्षानुवर्षं तुडवलेली असावी तशी ती गुळगुळीत होती. एक सायकलवाला तिच्यावरून शीळ घालत गेला.

तो अनवाणीच खाली धावला. ताई चहाच्या टेबलाशी उभी होती, कप तसाच हातात.

“अरे,” ती म्हणाली, “काल तो माणूस दाढी करत होता ना?”

“हो.”

“मी हात केला होता त्याला.”

“हो, ताई.”

“मग गेला कुठं तो?”

त्याने तक्रारवही ओढून घेतली आणि मागची पानं उलटली. हे खरं तर त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण वीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी वाचण्यापेक्षा स्वतःच्या लिहिण्याची सवय लागलेली. खोली तीन: बाळ रात्रभर रडतं. निवारण झाले. खोली एक: नवरा घोरतो. निवारण झाले. खोली पाच: सासूबाई प्रत्येक गोष्टीत टोकतात. निवारण झाले. अक्षरं वेगवेगळी होती. हिरवी शाई मात्र एकच.

“ताई, बॅग भर. बाराची बस आहे.”

“थांब,” ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मी पण लिहिलंय.”

“काय लिहिलंस?”

“सकाळी. गंमत म्हणून. तू उठायच्या आत. हा मॅनेजर म्हणाला, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून...”

त्याने शेवटचं पान काढलं. शेवटची ओळ तिच्या गोल, शाळकरी अक्षरांत होती: ‘माझ्या काळजीने माझ्या भावाला झोप लागत नाही. त्याचं काहीतरी करा.’

त्यापुढचा रकाना अजून कोरा होता.

“ही खोडा,” तो मॅनेजरला म्हणाला.

“खोडायची सोय नाही, साहेब. तशी सोय हवी अशी कुणी कधी तक्रारच केली नाही.”

“मग मी करतो!” त्याने खाली लिहिलं: तक्रार मागे घेता येत नाही.

मॅनेजरने वाचलं. “योग्य आहे. होईल. पण वरच्या ओळीचा नंबर आधी.”

नाकमुरड्याने अख्खं पान टरकन फाडलं आणि खिशात कोंबलं. मॅनेजरने टेबलावरचं हिरव्या शाईचं पेन उचललं आणि त्यात शाई भरायला घेतली.

बाराच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी. गाव मागे गेलं, डोंगर मागे गेला.

“मला जाऊ देऊ नकोस,” ताई म्हणाली. मग स्वतःच हसली. “बघ कशी लहान मुलासारखी बोलतेय. माझं मनगट धर नुसतं.”

“धरलंय. दुपारचा चहा कितीला असतो?”

“चारला. तोवर आपण कितीतरी लांब असू. तिथं त्याची कसली वही आणि कसलं काय.”

ती बोलत राहिली. त्याला लहानपणी कसं खोटं बोलता यायचं नाही, शाळेत डबा कसा वाटून टाकायचा आणि मग उपाशी घरी यायचा. तो तिच्या हनुवटीकडे, गालावरच्या तिळाकडे बघत राहिला, डोळा न मिटता. ती नाहीशी झाली तर नजरेसमोर होऊ दे, असं त्याला वाटत होतं. साडेतीन वाजले. पावणेचार.

चारला त्याला जांभई आली.

“ताई,” तो चकित होऊन म्हणाला, “मला झोप येतेय.”

“नको रे. नको झोपूस.”

“जराशी. दोनच मिनिटं.”

“अरे नको ना!” तिने त्याचा खांदा गदागदा हलवला. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं.

उठला तेव्हा बाहेर दिवे लागत होते. इतकं हलकं, इतकं ताजंतवानं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. शेजारच्या बाईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. साठीची असावी. गालावर तीळ होता. डोळे सुजलेले.

“बाई,” तो नम्रपणे म्हणाला, “तुमचा हात.”

“झोप लागली?”

“छान लागली. तुमच्या खांद्यावर डोकं पडलं वाटतं. माफ करा हं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “मी कोण, सांग बरं,” ती हळूच म्हणाली, गंमत चालली असावी तशी. पण तिचे ओठ नीट जुळत नव्हते.

त्याने खरोखरच आठवून पाहिलं. “आपण कुठं भेटलो आहोत का?”

“तुझ्या डाव्या गुडघ्यावर खूण आहे. जिन्यावरून पडलास तेव्हाची. चार टाके. तू रडला नाहीस, मीच रडले.”

त्याने नकळत गुडघ्यावर हात ठेवला. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. “त्रास देताहेत का?”

“नाही, नाही. वय झालंय. चूक झाली असेल.”

बाईने मनगट सोडलं.

त्याच्या थांब्यावर तीही उतरली. तिची बॅग जड दिसत होती, म्हणून त्याने ती खाली उतरवून दिली. तिने आभार मानले नाहीत.

तो चालू लागला. पावलं मागे येत होती.

तो तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा ती त्याच्या पुढे झाली, कमरेची किल्ली काढून कुलपात घातली आणि फिरवली. दार उघडलं.

“बाई,” तो म्हणाला, अगदी शांतपणे, “तुम्ही चुकलात. हे माझं घर आहे.”

ती उंबऱ्याशी उभी राहिली. आत तिच्या चपलांचा दुसरा जोड दिसत होता. मग तिने कुलपातून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“दार जरा वर उचलून लाव,” ती म्हणाली. “नाहीतर कडी बसत नाही.”

त्याने आत जाऊन दार लावलं. कडी बसेना. त्याने दार जरा वर उचललं. बसली. हे या बाईला कसं ठाऊक, असं त्याच्या मनात आलं खरं, पण त्यात काळजी करण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. तो कपडे न बदलताच आडवा झाला.

सहलीचा हिशेब असा झाला: त्यात एक कुत्रा गेला, तीन मजले गेले, आणि दाढी अर्धी राहिलेला एक माणूस गेला. नाकमुरड्याचं काही गेलं नाही. बाकी सगळं जिन्यावर बॅग मांडीत घेऊन बसलेल्या बाईने भरलं. समोरच्या घरातली मुलगी कचरा टाकायला बाहेर आली आणि दचकली.

“अहो ताई! बाहेर का बसलात? दार वाजवू का?”

“हळू बोल,” ताई म्हणाली. “झोपलाय तो.”