उशिरा पोचलेली नोंद

लॅबच्या प्रिंटरने कागद ओकायला सुरुवात केली तेव्हा सरू बाटल्यांना लेबलं लावत होती. पहिल्या कागदावर एक ओळ आली. कसलीतरी चिन्हं, अर्धा आकडा, बाकी सगळा कोरा. मग दुसरा कागद, मग तिसरा. तिने प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, तर तो थांबला होता तिथूनच पुढे छापायला लागला. शेवटी तिने वायर उपटली, कागदांचा गठ्ठा उचलला आणि ऑफिसच्या इमारतीकडे निघाली.

सर्व्हरच्या खोलीत एक अनोळखी तरुण फरशीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर कीबोर्ड, भोवती निळ्या वायरींचा गुंता.

"हे तुमचं का?"

त्याने वर पाहिलं. आधी कागदांकडे, मग तिच्याकडे... मग पुन्हा घाईने कागदांकडे.

"हा प्रिंटर अकाउंट्समध्ये नाही?"

"लॅबमध्ये आहे. बरीच वर्षं."

"मी अकाउंट्सला पाठवत होतो."

"अकाउंट्सला वाचता आलं असतं हे?"

तो हसला. कान लाल झाले होते. नाव पुंडलिक मोकल, राहणार पेण. बाप मिठागरावर राबलेला. मुलाने पेणच्या बाजारपेठेत कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. १९९८ च्या पावसाळ्यानंतर रोह्याजवळच्या या रसायन कारखान्याने त्याला कंत्राट दिलं. प्लँटमध्ये युनिक्स ही जुनी यंत्रणा आणि तिचे हिरव्या अक्षरांचे पडदे, ऑफिसात आणि लॅबमध्ये विंडोज. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. मध्ये एक सर्व्हर बसवून सगळ्यांना त्याच फाईली दिसाव्यात, तेच प्रिंटर वापरता यावेत, एवढं काम होतं.

"पुंडलिक नाव ऐकून वाटलं, कुणी टोपीवाले काका येतील कंप्युटर लावायला," सरू म्हणाली.

"काकांना बोलवू?"

"नको. तुम्हीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या प्रिंटरमधून एकच कागद बाहेर आला. मधोमध एकच शब्द – चहा? तिने तो घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकला आणि कँटीनमध्ये गेली. तो आधीच दोन कप घेऊन बसला होता.

"प्रिंटर तपासत होतो," तो म्हणाला.

"चालतोय की."

ती जित्याची. रोज संध्याकाळच्या पॅसेंजरने रोह्याहून घरी जायची. गाडीच्या वाटेवर पेण आधी येतं, जिते नंतर. पहिल्या आठवड्यात तो पेणला उतरला. दुसऱ्या आठवड्यात एकदा उतरायचं विसरला, निदान तसं म्हणाला, आणि जित्याहून एसटीने परत आला. त्यांच्या डब्यात टाकीसफाईच्या टोळीतला काळुराम असायचा. गडबचा माणूस, कासूला उतरायचा. दुसऱ्या दिवशी उतरता उतरता म्हणाला, "मोकल, पेण आलं का उठायचं हा. काल झोप लागली म्हणं तुमाला."

"लागली होती."

"डोलं उघडं ठेवून? अशी झोप आमालाबी लागायची. लगनाच्या आधी."

सरू खिडकीबाहेर बघत राहिली, पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू तिला लपवता आलं नाही. बाहेर कापणी झालेली शेतं, त्यांच्या पलीकडे खाडी. वालाच्या शेंगांची पिशवी तिने दोघांच्या मध्ये ठेवली होती. शेंगा सोलता सोलता बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. पण सरूची गाडी चुकायला लागली.

शिफ्ट संपताना दिवसभराच्या नोंदी फाईलमध्ये टाकायच्या असत. प्रत्येक आकड्यानंतर पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राही. लागोपाठ दोनदा ती स्टेशनवर पोचली तेव्हा गाडी सुटलेली होती. घरी पोचायला अंधार झाला, आईची बोलणी खावी लागली.

"तुमच्या सर्व्हरमुळं," ती पुंडलिकला म्हणाली. "आणि तुम्ही मजेत खिडकीशी बसून गेलात."

"मजेत नाही. पेणलाच उतरलो."

"अरेरे."

त्या दुपारी त्याने लॅबच्या फोल्डरची एक सेटिंग बदलली.

सर्व्हर विंडोजच्या कंप्युटरला अशी मुभा देऊ शकतो की, ही फाईल सध्या तुझी, बदल तुझ्याजवळच ठेव, फाईल बंद करशील तेव्हा पाठव. काम झटपट होतं. पण प्लँटमधले हिरवे पडदे थेट सर्व्हरच्या डिस्कवरची फाईल वाचत. लॅबच्या कंप्युटरजवळ काय अडकून पडलंय, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. एकच फाईल दोन्ही बाजूंनी वाचली जात असेल तर ही मुभा देऊ नका, असा इशारा माहितीपुस्तिकेत होता. पुंडलिकने तो वाचला होता, म्हणूनच आधी मुभा दिली नव्हती. आता त्याला वाटलं, उशीर होऊन होऊन किती होणार... काही सेकंद. त्याने तपासून पाहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

"आज पटकन झालं," सरू संध्याकाळी फलाटावर म्हणाली. धावत आल्यामुळे तिचा श्वास लागला होता. "काय केलंस?"

ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. तो नुसता हसला.

पुढचे काही आठवडे तो पेणला क्वचितच उतरला.

कारखान्यातल्या मोठ्या टाकीची सफाई वर्षातून एकदाच होते. त्याआधी लॅबने टाकीतल्या हवेची तपासणी करायची असते. पूर्वी तपासणीचा निकाल फोनवरून प्लँटला सांगत. नवी व्यवस्था आल्यावर फोन बंद झाला. पडद्यावर नोंद बघा आणि माणूस उतरवा, असा आदेश निघाला.

सफाईच्या दिवशी सकाळी टाकीतली हवा ठीक होती. सरूने तशी नोंद टाकली आणि जेवायला जाताना कंप्युटर बंद केला. दुपारी तिने पुन्हा हवा तपासली. तळाच्या गाळातून वायू सुटायला लागला होता. 'प्रवेश नको,' तिने लगेच टाकलं. फाईल उघडीच ठेवून ती पुढच्या नमुन्यांकडे वळली. प्लँटमध्ये ऑपरेटर सखाने पडदा पाहिला. तिथे सकाळचीच नोंद होती. त्याने काळुरामला उतरायला सांगितलं.

धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा नियमाप्रमाणे सरूने कंप्युटर बंद केला आणि ती बाहेर धावली. काळुरामला टाकीतून वर काढायला वेळ लागला. तोवर तो गेला होता.

"मी नोंद टाकली होती," ती सांगत राहिली.

"नव्हती, सरूताय," सखा म्हणाला. तो खाली बसला होता. "मी पडदा दोनदा बघितला. खोटं कशाला बोलू?"

व्यवस्थापकांनी पुंडलिकला बोलावलं. "फाईलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, ते सर्व्हरवरून काढा."

त्याने काढलं. बदल भोंग्यानंतरचा होता. ती वेळ बघताच त्याला सगळं कळलं. सरूने नोंद वेळेत टाकली होती. ती तिच्या कंप्युटरमध्ये अडकून राहिली आणि तिने कंप्युटर बंद केला तेव्हाच सर्व्हरवर पोचली.

"म्हणजे माणूस गेल्यावर तिने नोंद घुसडली," व्यवस्थापक म्हणाले.

पुंडलिकने वेळ कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवली. सेटिंगचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी गाडीत काळुरामच्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी भाजीची टोपली ठेवली होती. सरूचा आवाज बसला होता.

"मला उद्यापासून येऊ नको म्हणालेत. चौकशी होईपर्यंत. पोलिसांनी जबाब घेतला..." ती थांबली. "पुंडलिक, तुला तरी पटतंय ना? मी टाकली होती."

"पटतंय."

"मग मशीन असं का सांगतंय?"

 पेण आलं तेव्हा तो उठला आणि उतरला. तिने हाक मारली नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी त्याला केबिनमध्ये बसवलं. "तुम्हाला फक्त फाईलची वेळ सांगायची आहे, मोकल. बाकी काही कुणी विचारणार नाही. पुढच्या वर्षीचं कंत्राटही तुमच्याकडेच राहील."

चौकशीला कारखाना निरीक्षक आले होते. टेबलाच्या टोकाला सरू बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हात मांडीवर घट्ट धरलेले. पुंडलिकने वेळ सांगितली. सरूने मान खाली घातली.

"पण ही नोंद टाकल्याची वेळ नाही," तो म्हणाला. "नोंद सर्व्हरला पोचल्याची आहे. दोन्हींत फरक आहे. मी दाखवतो."

व्यवस्थापक म्हणाले, "त्याची गरज नाही."

"दाखवू द्या," निरीक्षक म्हणाले.

त्याने सरूला लॅबच्या कंप्युटरवर बसवलं. तिने एक आकडा टाकला. निरीक्षक स्वतः प्लँटमध्ये हिरव्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. आकडा आला नाही. ते बराच वेळ थांबले. मग पुंडलिकने सरूला फाईल बंद करायला सांगितली, आणि आकडा पडद्यावर उमटला. मागे उभ्या असलेल्या सखाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"ही सेटिंग कुणी केली?" निरीक्षकांनी विचारलं.

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही."

"कशासाठी?"

"लॅबचं काम सावकाश होत होतं," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

त्याच दिवशी त्याचं कंत्राट गेलं. पोलिसांनी नव्याने जबाब घेतला, त्यात त्याचं नाव होतं. सरूला कामावर परत घेतलं. फाटकाबाहेर तिने त्याला गाठलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"वेळ काढली तेव्हापासून."

"म्हणजे त्या दिवशी गाडीत..."

"हो."

ती वळली. मग स्टेशनच्या रिक्षेत बसून निघून गेली.

माघ सरत आला तेव्हा एका रविवारी ती त्याच्या दुकानात आली. तो उघडलेल्या कंप्युटरपुढे बसला होता, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिने खुर्ची घेतली नाही.

"भरपाई टाळायला कारखान्याने काळुरामच्या बायकोला सांगितलंय की तिचा नवरा परवानगी नसताना टाकीत उतरला. लोक म्हणतात, दारू प्यायला होता, आणि ती नव्हता म्हणून सांगत फिरतेय. तू चल. मी येते बरोबर, पण सांगायचं तू."

तो उठला.

गडबला काळुरामच्या बायकोचं, हौसाचं घर रस्त्यापासून आत, शेताच्या कडेला होतं. तिने त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. पुंडलिकने सगळं सांगितलं. सर्व्हर, फाईल असे शब्द टाळून, सरळ. निरोप निघाला होता, तो मी केलेल्या बदलामुळे वाटेत अडकला. तुमच्या नवऱ्याची चूक नाही. परवानगी मिळाली म्हणूनच तो उतरला.

हौसाने ऐकून घेतलं. "म्हंजे ते प्यालेले नवते."

"नव्हते."

"मी बोलतच होती सगल्यांना." तिने पदराने चेहरा पुसला. मग त्याच्याकडे पाहिलं. "पन तुमी तो बदल केलात कशाला? कुनी सांगलेला?"

"नाही."

"मंग?"

पुंडलिकने सरूकडे पाहिलं नाही. "हिला काम संपवायला उशीर व्हायचा," तो म्हणाला. "गाडी चुकायची. आणि मला... रोज हिच्याबरोबर गाडीत बसायचं होतं. हिच्यावर माझा जीव जडला होता. तेवढ्यासाठी केला."

सरूने ओट्याची कड धरली. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

 हौसाने सरूला विचारलं, "तुला म्हाईत व्हता गो?"

"नाही," सरू म्हणाली. "आत्ता कळलं."

हौसाने रिकामे पेले उचलले. "मी तुमाला माफ नाय करायची," ती शांतपणे पुंडलिकला म्हणाली. "पन हाच भरपाईच्या सायबांच्या म्होरं सांगा. ते परवानगीनं उतरले, हा. अलिबागला."

"सांगतो."

दोघं हायवेवर येऊन एसटीची वाट बघत उभे राहिले. मालट्रक धुरळा उडवत जात होते.

"हे मला कधीतरी ऐकायचं होतं," सरू म्हणाली. "पण तिथं नाही. असं नाही."

"तिनं विचारलं... मला खोटं बोलता आलं नाही."

"माझ्याशी आलं?"

"तुझ्याशी खोटं नाही बोललो. गप्प राहिलो."

"तेच ते, पुंडलिक."

"हो," तो म्हणाला. "तेच ते."

 मग ती म्हणाली, "परत माझ्यासाठी काही करायचं असेल तर आधी मला सांगायचं. लहान असो, मोठं असो. मला न विचारता केलेलं मला काही नको."

"करायचं असेल तर... म्हणजे?"

तिने एसटी येतेय का ते पाहिलं. "हौसाला अलिबागला मंगळवारी नेऊ. मी रजा टाकते."

"मी येऊ?"

"आता विचारलंस ना. ये."

एसटी आली. बाकावर तीन माणसांची जागा होती. सरू खिडकीशी बसली, पुंडलिक दुसऱ्या टोकाला. मधली जागा रिकामी राहिली. गाडी निघाली. दोघंही समोर बघत होते. पुढच्या थांब्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन एक बाई चढली आणि त्यांच्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"ए पोरी, सरक गो जरा तिकरं. नवऱ्याजवल सरक. मी खिरकीशी बसतंय, माजा जीव घाबरतंय."

सरूने एकदा पुंडलिककडे पाहिलं. तो अवघडून काही सांगायला निघाला होता.

"राहू दे," ती म्हणाली, आणि सरकली.