तीन नंबरचा दिवा

शोकसभा अकराची होती आणि हॅलोकाका साडेनऊलाच कारखान्याच्या कँटीनमध्ये हजर झाले. सभा कुणाचीही असो, आवाज दीड तास आधी पोचला पाहिजे, हा त्यांचा नेम. माणसं मग सावकाश येतात. ज्याच्यासाठी शोकसभा असते त्याला तर घाई नसतेच.

काका मूळचे स्टोअरकीपर, पण कारखान्याची आवाजाची पेटी बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. रुपेरी पत्र्याची, दोन कुलपांची पेटी. आत फोमच्या खाचांमध्ये एक छोटा मिक्सर, दोन वायरचे माइक आणि एक बिनवायरचा. शिवाय दोन काळे स्पीकर आणि त्यांचे तिपाई स्टँड. निरोपसमारंभ, बक्षीस वाटप, संपाच्या वाटाघाटी, सगळीकडे ही वरात जायची आणि सगळीकडे काका माइक तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचे. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

त्यांनी स्टँडचे पाय फाकवले, खिट्ट्या आवळल्या, स्पीकर मांडीचा टेकू देऊन वर चढवले. स्पीकरची तोंडं माणसांकडे, माइकची जागा स्पीकरच्या पाठीमागे. म्हणजे शिट्टी वाजत नाही. केबल भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टीने जमिनीला दाबून टाकली, कारण प्रत्येक सभेला केबलीत पाय अडकवणारा एक मान्यवर असतोच. मिक्सरवरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि मगच बटण दाबलं. एक नंबरची पट्टी वर नेऊन त्या माइकमध्ये "हॅलो, एक, दोन" म्हटलं. एक नंबरचा हिरवा दिवा नाचला. दुसरा हात त्यांनी स्पीकरच्या लाकडावर ठेवला होता. लाकूड थरथरलं. म्हणजे आवाज ठीक होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी काकांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांना ऐकू येत नव्हतं.

ज्यांची आज शोकसभा, त्या सुपरिंटेंडंटसाहेबांना माइक हातात आला की त्यात दोनदा फुंकायची सवय होती. फू, फू. मग बोलायचे. चार वर्षांपूर्वी काका भर सभेत हात जोडून म्हणाले, "साहेब, माइकमध्ये फुंकू नका. आतला पडदा जातो." साहेब हसले. "जातो का बघू. या, कान लावा." त्यांनी काकांना डावा कान स्पीकरला टेकवून उभं केलं, पट्टी स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत वर नेली आणि फुंकलं. दोनदा. सभेत हशा झाला. माइकला काही झालं नाही.

डावा कान त्याच दिवशी गेला. उजव्याने दोन वर्षं एकट्याने संसार ओढला आणि मग त्यानेही मान टाकली. आता काका बोलणं ओठांवरून ओळखायचे, आवाज दिव्यांवरून, आणि पहिल्या रांगेतले चेहरे आंबट झाले की शिट्टी वाजतेय हे त्यांना कळायचं. गेल्या दोन वर्षांत एकही सभा बिघडली नव्हती. उलट वरिष्ठ म्हणायचे, भाषण कसं ऐकावं ते काकांकडून शिका. टक लावून बघत असतात.

संशय एकालाच होता. काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ, कारखान्यातला वायरमन. ही पेटी आपल्या हाताखाली यावी म्हणून तो कित्येक वर्षं टपून होता. बोलता बोलता तोंडावर हात धरायचा, पाठ फिरवून प्रश्न विचारायचा. अशा वेळी काका "बघू" म्हणायचे. निम्म्याहून जास्त प्रश्नांना ते उत्तर चालतं.

दहाच्या सुमाराला हा मेहुणा आला तो पर्सोनेलच्या बाईंना घेऊनच. बाई नव्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाही भाव फार वेळ राहत नसे, त्यामुळे ओठ वाचायला सोपे होते.

"तुमच्याबद्दल तक्रार आली आहे, काका," बाई म्हणाल्या. "आवाज सांभाळणाऱ्यालाच ऐकू येत नाही, अशी. मी आज इथे तुमच्या शेजारीच बसते. खरं निघालं तर पेटीच्या किल्ल्या आजच यांच्याकडे द्यायच्या, आणि पुढे नोकरीचं काय ते डॉक्टर सांगतील."

"बसा की, बाई," काका म्हणाले. "कुणी केली तक्रार?"

मेहुण्याने तोंडावर हात धरून काहीतरी उत्तर दिलं. काकांनी ते ऐकल्यासारखं मान हलवली आणि पेटीकडे वळले.

पेटीच्या फोममध्ये बिनवायरचा माइक आडवा पडला होता. हा साहेबांचा खास. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते आपल्या केबिनमधून त्यावर, याच स्पीकरमधून, उशिरा आलेल्यांची नावं वाचायचे. नाव आलं की कँटीनशेजारच्या बोळात, केबिनच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. साहेब "जा" म्हणेपर्यंत. गेल्या गुरुवारी चौदाजण उशिरा आले होते. साहेबांनी आठ नावं वाचली आणि ते थांबले. ती आठ माणसं बोळात दोन तास उभी राहिली, कारण कुणी "जा" म्हणेना आणि दार ठोठावायची कुणाची छाती होईना. शेवटी दार उघडलं तेव्हा साहेब खुर्चीत होते, माइक मुठीत होता, आणि मूठ सोडवायला दोन माणसं लागली.

त्या चौदांमध्ये काकाही होते. सायकल पंक्चर झाली म्हणून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, चार मिनिटं उशीर. त्यांचं नाव आठांत आलं नव्हतं.

त्या माइकचे सेल काकांनी स्वतः काढून शर्टाच्या खिशात ठेवले होते. त्याचा रिसीव्हर मात्र मिक्सरच्या तीन नंबरला जोडलेला होता, नेहमीसारखा.

तीन नंबरचा दिवा दोनदा लुकलुकला.

काकांनी चष्मा पुसला. दिवा पुन्हा लुकलुकला. दोनदा, आणि मग गप्प. त्यांनी रिसीव्हरची पिन काढून, रुमालाने पुसून परत खोचली. दोनदा. पिन काढूनच ठेवली. दोनदा. मिक्सर बंद करून, वीसपर्यंत मोजून, पुन्हा चालू केला. तीन नंबरच्या भोकात काहीही खोचलेलं नव्हतं, आणि दिवा दोनदा लुकलुकला.

बिघाड शोधायची काकांची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि यंत्राच्या आधी माणसावर संशय घ्यायचा.

"तुझं काही चालू आहे का रे कुठे?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. "बिनवायरचं?"

"माझं?" मेहुणा या वेळी तोंड उघडं ठेवून बोलला, कारण वाक्य त्याला आवडलं होतं. "माझ्या दोनच वस्तू तुमच्याकडे आहेत, दाजी. एक बहीण आणि दुसरी ही पेटी. बहीण ठेवून घ्या."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काकांनी खिशातले सेल चाचपले. सेल कोमट होते. अंगाच्या उबेने असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अकराला कँटीन भरलं. दीडशे माणसं चेहरे पाडून बसली. हे काम सोपं नव्हतं. गुरुवारपासून कारखान्यात एक प्रकारचा उत्साह होता आणि तो दाबून ठेवायला लोकांना कष्ट पडत होते. जनरल मॅनेजर बोलले, युनियनचे सेक्रेटरी बोलले. साहेब शिस्तीचे भोक्ते होते, असं दोघंही म्हणाले. त्याहून चांगलं दोघांनाही सुचलं नसावं. एक नंबरचा दिवा व्यवस्थित नाचत राहिला. लोक नजर खिळवून स्पीकरकडे बघत होते. त्या स्पीकरने त्यांना वर्षानुवर्षं नावं घेऊन बोलावलं होतं.

मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. बाई आणि मेहुणाही माना खाली घालून उभे राहिले. अशा वेळी सगळ्या पट्ट्या खाली ओढायच्या, नाहीतर कुणाचा तरी खोकला सगळ्यांना ऐकावा लागतो. काकांनी पट्ट्या खाली ओढल्या.

तीन नंबरचा दिवा दोनदा लुकलुकला. मग तो हिरवा झाला, पिवळा झाला, खाली आला, पुन्हा चढला. बावीस वर्षं काका दिवे बघत होते. माणूस बोलत असतो तेव्हा दिवा असा हलतो.

त्यांनी वर पाहिलं. दीडशे माना एकाच वेळी वर झाल्या होत्या.

तिसऱ्या रांगेतली पॅकिंगची बाई रांगेतून बाहेर पडली. तिने पदर सारखा केला आणि ती बोळाच्या दाराकडे चालू लागली, रोज चालायची तशीच, पाय ओढत. दार उघडलं, ती गेली, दार मिटलं.

दिवा थांबला. पुन्हा चढला. लेथवरचा टकलू निघाला.

काकांनी स्पीकरवर हात ठेवला. लाकूड थरथरत होतं. मिक्सरच्या सगळ्या पट्ट्या खाली होत्या. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचे दोन्ही हात समोर गुंफलेले आणि रिकामे होते, आणि तोंडाचा रंग उतरला होता.

काकांनी स्पीकरच्या मागची केबल उपटली. पिन हातात आली. दुसऱ्या हाताखालचं लाकूड थरथरतच राहिलं.

वेल्डर गेला. मग डिस्पॅचचा क्लार्क.

पहिल्या रांगेत टाइमकीपर हजेरीची वही उघडून बोटाने ओळी मोजत होता. त्याचे ओठ काकांना स्वच्छ दिसले. "गुरुवारचे राहिलेले," तो शेजारच्याला सांगत होता. "सहा राहिले होते."

पाचवा गेला तो गेटवरचा चौकीदार. दार मिटलं. कुणीही परत आलं नव्हतं.

दिवा थांबला. दिवा चढला, उतरला.

कुणीच हललं नाही.

दिवा पुन्हा चढला. आता सगळे काकांकडे बघत होते. त्या नजरांत दया नव्हती. एकाचं नाव निघालं की बाकीच्यांची सुटका होते, तेव्हाची नजर होती ती.

मेहुणा त्यांच्या समोर येऊन उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो हात खाली ठेवून, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"दाजी. तुमचं नाव घेतायत. दोनदा घेऊन झालं."

काकांनी बोळाच्या दाराकडे पाहिलं.

"जाऊ नका. बाईंना सांगा, ऐकू येत नाही म्हणून. ऐकू येत नाही त्याने कशाला जायचं? मीही सांगतो."

काकांनी ते ओठ दोनदा वाचले. हेच वाक्य त्यांच्या तोंडून काढायला हा माणूस टपला होता. आता डोळ्यांत पाणी आणून मागत होता. पाणी खरं वाटत होतं. पण अभिनय चांगला असला की खराच वाटतो.

बाई पुढे झाल्या. त्यांच्या हातातलं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"काका, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

तीन नंबरचा दिवा तिसऱ्यांदा चढला.

"येतंय की, बाई," काका म्हणाले. "स्पष्ट येतंय."

त्यांनी मिक्सरचं बटण बंद केलं, पेटीला दोन्ही कुलपं लावली आणि किल्ल्या आपल्या खिशात टाकल्या. बंद मिक्सरवर तीन नंबरचा दिवा तसाच होता. काकांनी त्याच्याकडे परत पाहिलं नाही. माणसांनी वाट करून दिली.

बोळात कुणी नव्हतं.

समोर केबिनचं दार होतं. त्याला कुलूप होतं आणि कुलपावर लाखेचं सील होतं, गुरुवारचं. दुसरं दार नव्हतं, खिडकीही नव्हती. भिंतीवर वर्षानुवर्षं टेकलेल्या पाठींचे तेलकट ठसे होते, ओळीने, कमी-जास्त उंचीचे. त्यांतले पाच ओले होते.

मागे दार मिटलं. ते काकांना पाठीला कळलं.

सहावी जागा रिकामी होती. त्यांनी भिंतीला पाठ लावली, हात मांड्यांशी सरळ सोडले. खिशातले सेल आता चटका बसेल इतके तापले होते.

डाव्या कानात कुणीतरी फुंकलं. दोनदा.

त्यात घरघर नव्हती, शिट्टी नव्हती. इतका स्वच्छ आवाज काकांच्या स्पीकरने बावीस वर्षांत कधी दिला नव्हता.